समजून घ्या : घरची गाडी कॅरॅव्हॅन ओढेल, पण थांबवेल का?

गणपती जवळ आले की आमच्या डिजिटल डेस्कवर गावाला कसं जायचं यावर रोज चर्चा होते. यंदा लालबागच्या एका सहकाऱ्यानं वेगळाच प्रश्न आणला. गाव कणकवलीकडचं, गाडी सात आसनी, घरची माणसं पाच. गावच्या घरात दीड दिवस तीन भावांची कुटुंबं येतात, झोपायला जागा नसते. त्यानं परदेशातल्या एका कुटुंबाचं रील पाहिलं होतं : गाडीच्या मागे चाकांवरचं छोटं घर जोडलेलं, आत बिछाने, ओटा, बाथरूम. शहराबाहेरचा एक फॅब्रिकेटर असा सांगाडा बनवून द्यायला तयार होता, गाडीला मागे हुकही बसवून देणार होता. सहकाऱ्याचा प्रश्न एवढाच होता, ‘आपली गाडी ओढेल ना रे? तू इंजिनीअर आहेस, सांग.’

ओढेल. सपाट रस्त्यावर बहुतेक गाड्या स्वतःच्या वजनाइतकं काहीतरी ओढू शकतात. अडचण ओढण्यात नाही. ते थांबवण्यात, सरळ ठेवण्यात आणि घाटातून उतरवण्यात आहे, आणि याबद्दल आपल्याकडे ना गाडीच्या शोरूममध्ये कुणी बोलतं, ना लायसन्सच्या परीक्षेत कुणी विचारतं.

कॅरॅव्हॅनचा विषय आत्ता का?

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. हॉटेलं नाहीत अशा ठिकाणी कॅरॅव्हॅन पार्क व्हावेत, तिथे वीज-पाणी-स्वच्छतागृहाची सोय असावी, लोकांनी कॅरॅव्हॅन घेऊन तिथे मुक्काम करावा, अशी कल्पना. त्या धोरणात वाहनांचे जे प्रकार दिले आहेत त्यात एका आसाची आणि दोन आसांची कॅरॅव्हॅन, तंबूचा ट्रेलर, घडीची कॅरॅव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर अशी नावं आहेत. म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली, दुसऱ्या गाडीनं ओढायची वाहनं सरकारच्या कागदावर आली आहेत.

रस्त्यावर मात्र दिसतात त्या बहुतेक सगळ्या इंजिनवाल्या. व्हॅन किंवा मिनीबसच्या सांगाड्यावर बिछाने आणि ओटा बसवलेल्या. त्या चालवणं म्हणजे एक मोठी गाडी चालवणं. मागे जोडलेली कॅरॅव्हॅन चालवणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, आणि या लेखाचा विषय तीच आहे.

वजन कुणाचं मोजायचं?

लालबाग-परळच्या वाचकांना हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. मोठ्या मंडळांच्या मूर्ती कार्यशाळेतून ट्रॉलीवर निघतात. पुढून ओढणारे जेवढे, तेवढेच बाजूनं आणि मागून सांभाळणारे. वेग माणसाच्या चालीचा. करी रोड आणि चिंचपोकळीच्या रेल्वेवरच्या पुलांबाबत महापालिकेनं मंडळांना सूचना केली होती, की एका वेळी १६ टनांहून जास्त भार पुलावर नको. पूल हे विचारत नाही की भार मूर्तीचा आहे, ट्रॉलीचा आहे की नाचणाऱ्या पोरांचा. त्याच्यासाठी सगळं एकत्र.

गाडीचंही तसंच आहे. गाडी, आत बसलेली माणसं, डिकीतल्या बॅगा, कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅनमधलं सामान, हे सगळं एकाच ब्रेकच्या पेडलवर येतं.

इंग्लंडमध्ये नवख्या चालकांना एक अंगठ्याचा नियम शिकवतात. सामानासह भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. कंपनीनं दिलेली मर्यादा याहून कमी असेल तर कंपनीची मर्यादा धरायची. आपल्या सहकाऱ्याची गाडी रिकामी साधारण १,२०० किलोची. म्हणजे कॅरॅव्हॅन भरून १,०२० किलोच्या आत हवी. आता भरून म्हणजे काय ते पाहा. पाण्याची ४० लिटरची टाकी म्हणजे ४० किलो. घरचा सिलिंडर आत १४.२ किलो गॅस, पण लोखंडासकट उचलाल तर ३० किलोच्या घरात (आणि तो कॅरॅव्हॅनमध्ये सुटा टाकून न्यायचाही नसतो). मखर, समया, तांदळाची गोण, शेजारच्या काकूंनी गावच्या नणंदेसाठी दिलेलं पार्सल. पत्र्याचा आणि प्लायवूडचा सांगाडाच ९०० किलोचा निघाला, तर उरलेल्या १२० किलोंत हे सगळं बसवायचं आहे. फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न किमतीचा नाही, वजनकाट्याच्या पावतीचा विचारा.

आणि गाडीला दुसरा प्रश्न. तिच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिली आहे का? भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी छोट्या गाड्यांच्या पुस्तिकांत हा आकडा सापडत नाही. आकडा नसणं याचा अर्थ ‘हवं तेवढं ओढा’ असा नव्हे. याचा अर्थ कंपनीनं त्या गाडीची या कामासाठी जबाबदारी घेतलेली नाही, असा धरायचा. हुकही बंपरला वेल्ड करून भागत नाही. आजच्या गाड्यांचा बंपर वरून प्लास्टिकचा असतो. हुक गाडीच्या मूळ सांगाड्यावर, कंपनीनं ठरवलेल्या जागी, बोल्टनंच बसायला हवा.

मागची गाडी नाचते कशामुळे?

हा भाग सगळ्यात कमी माहितीचा आणि सगळ्यात जास्त धोक्याचा आहे. यूट्यूबवर एक जुना व्हिडीओ फिरतो. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी आणि मागे ट्रेलर. वजनं ट्रेलरच्या पुढच्या भागात ठेवली की बोटानं धक्का दिला तरी ट्रेलर दोन हेलकावे खाऊन सरळ होतो. तीच वजनं मागे सरकवली की तोच धक्का पुरतो. हेलकावे वाढत जातात आणि पुढची गाडीसुद्धा आडवी होते. ट्रेलरचं वजन तेच, वेग तोच, बदलली ती फक्त जागा.

म्हणून जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. हलकं सामान वर आणि मागे. कॅरॅव्हॅनच्या नाकाचा भार, म्हणजे जोडाच्या गोळ्यावर खाली पडणारा भार, युरोपात साधारणपणे कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात. १,००० किलोला ५० ते ७० किलो. अमेरिकेतले ट्रेलर वेगळ्या घडणीचे, तिथे १० ते १५ टक्के सांगतात. घरचा वजनकाटा, त्यावर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर जोड टेकवला की हा आकडा पाच मिनिटांत कळतो. फार कमी निघाला तर मागची गाडी नाचणार. फार जास्त निघाला तर आपल्या गाडीचं पुढचं तोंड उचलणार, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जाणार आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीची पकड पावसाळी चढावर सुटणार. गोळ्याला आणि गाडीला किती भार सोसतो हेही छापलेलं असतं. त्यापुढे जायचं नाही.

तरीही नाचायला लागली तर? शंभरातले नव्वद जण ब्रेक मारतील. उरलेले दहा ‘खेचून सरळ करतो’ म्हणून ॲक्सिलरेटर दाबतील. दोन्ही चूक. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं, हेलकाव्यांच्या मागे लागायचं नाही. वेग आपोआप उतरला की हेलकावे विरतात. नंतर सुरक्षित जागी थांबून सामान बघायचं, कारण नाचण्याचं कारण बहुतेक वेळा आत असतं.

बाहेरचं कारण वारा. परळ-लालबागहून कोकणात निघणारे आता शिवडीहून अटल सेतूवर चढतात. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर, आणि कार्ससाठी मर्यादा ताशी १०० किलोमीटर. पेटीसारख्या उभ्या कॅरॅव्हॅनसाठी आडवा वारा आणि मोकळा रस्ता ही जोडी वाईट. मर्यादा १०० आहे म्हणून १०० नाही. जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या कारला सर्वसाधारण मर्यादा ८० आहे, वेगळी मंजुरी मिळाली तरच १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ताशी ६० मैल, म्हणजे ९७ किलोमीटरच्या आसपास, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजव्या लेनमध्ये मनाई. तिथले रस्ते आणि तिथली शिस्त यांच्या मानानं आपल्याकडे ६० च्या वर जाण्याचं मला कारण दिसत नाही. शेजारून एसटी किंवा ट्रक जातो तेव्हा हवा आधी ढकलते आणि मग ओढते, तो धक्का वेगळाच.

घाटात नेमकं काय होतं?

इथे थोडं गणित, पण सोपं. सहकाऱ्याची गाडी, पाच माणसं आणि बॅगा धरून १,६०० किलो. मागे १,००० किलोची कॅरॅव्हॅन. एकूण २,६०० किलो. ही जोडी ताशी ६० नं जाते तेव्हा तिच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी एकट्या गाडीत ताशी ७६ ला असते. स्पीडोमीटरवर ६० दिसलं तरी ब्रेकला ७६ च्या वेगाचं काम आहे. आणि वेग ६० वरून ८० केला की ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते.

आता उतार. १०० मीटरला ६ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर १,००० किलोची कॅरॅव्हॅन मागून जवळपास ६० किलोच्या जोरानं सतत ढकलत असते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना उंचीतला फरक ५०० मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवरून २,६०० किलो उतरवताना जी ऊर्जा मुरवावी लागते तिच्यात ४० लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. चाळीतल्या पितळी तपेल्याच्या हिशेबात विचार करा. त्यातली काही हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जाते. काही इंजिन घेऊ शकतं. बाकी सगळी चार ब्रेक डिस्कांना किंवा ड्रमना. ब्रेक पॅड ठरावीक तापमानापुढे पकड सोडतात, पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. लोक याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात. कित्येकदा ब्रेक मोडलेला नसतो, फक्त जळत असतो.

२६ जुलै २०२५ ला खोपोलीजवळ द्रुतगती मार्गावर उतारावर ब्रेक निकामी झालेल्या एका कंटेनर ट्रेलरनं जवळपास २० गाड्यांना धडक दिली, एका महिलेचा मृत्यू झाला. ते वाहन कितीतरी पटींनी मोठं होतं, पण उताराचं शास्त्र एकच. फरक एवढाच, की ट्रेलर ट्रकचा चालक या कामासाठी वेगळा परवाना घेऊन बसलेला असतो. आपण ऑफिसमधून सुट्टी टाकून बसलेले असतो.

जुने ड्रायव्हर सांगतात ते बरोबर आहे : ज्या गिअरनं घाट चढाल त्याच गिअरनं उतरा. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्या, इंजिनला गाडी रोखू द्या, ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा ठाम दाबा, वेग उतरवा आणि सोडा. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती मागे कॅरॅव्हॅन असताना जीवघेणी आहे. कोकणच्या रस्त्यावर कशेडीला बोगद्यामुळे बरंच वळण चुकलं असलं, तरी चिपळूणजवळचा परशुराम घाट आहेच, पावसात दरडीसकट.

यावर कॅरॅव्हॅनला स्वतःचे ब्रेक असणं हा मोठा उपाय आहे. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. त्यातली सर्रास वापरली जाणारी पद्धत साधी आहे : पुढची गाडी हळू झाली की कॅरॅव्हॅन जोडावर दाबली जाते आणि त्या दाबानंच तिचे ब्रेक लागतात. शिवाय एक सुटकेची केबल असते. जोड निसटला तर ती ताणली जाऊन कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. इथल्या फॅब्रिकेटरच्या सांगाड्यात हे दोन्ही आहेत का, हा तिसरा प्रश्न. तो म्हणाला की ‘गरज नाही साहेब, गाडी थांबवते’, तर तिथून निघायचं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कलम ५२ ची बंधनं आहेत, त्यामुळे हुक बसवण्याआधी आरटीओत विचारणं शहाणपणाचं.

विम्याकडे लोक बघतच नाहीत. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ओढण्याचा उल्लेख सहसा बंद पडलेलं एक वाहन ओढण्यापुरता असतो. कॅरॅव्हॅन त्यात बसत नाही. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या, एजंटच्या ‘होऊन जाईल’वर नको.

भाड्याच्या इंजिनवाल्या कॅरॅव्हॅनबद्दल एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं, की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचं हलकं वाहतूक वाहनही चालवू शकते.

परवान्याबद्दल आमचं मत मात्र वेगळं आहे. ब्रिटननं डिसेंबर २०२१ मध्ये साध्या कार परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा दिली, आधी लागणारी वेगळी परीक्षा काढून टाकली. आपण त्या वाटेनं जाऊ नये. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत आहे, वडिलांनी जोडताना मुलानं पाहिलेलं असतं. आपल्याकडे ते शिकवणारं घरही नाही आणि शाळाही नाही. सरकारला ओढायच्या कॅरॅव्हॅन धोरणात हव्या असतील तर दोन गोष्टी त्याच्याच हातात आहेत : प्रत्येक कारच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा छापायला लावण्याचा आग्रह केंद्राकडे धरणं, आणि प्रत्येक कॅरॅव्हॅन पार्कमध्ये एक वजनकाटा. पर्यटनाच्या जाहिरातीपेक्षा वजनकाटा स्वस्त पडेल.

आणि मुंबईत ती ठेवायची कुठे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फणसवाडीत किंवा लालबागच्या चाळींच्या बोळांत दुचाकी वळवताना आरसे आत घ्यावे लागतात. दादरच्या हिंदू कॉलनीत गाडीला जागा मिळाली तर ती सोडायला लोक तयार नसतात. मोठी कॅरॅव्हॅन २.५ मीटरपर्यंत रुंद असते, आपली गाडी पावणेदोन मीटर. म्हणजे गाडीचे आरसे फक्त कॅरॅव्हॅनची भिंत दाखवतात. बाहेर काढलेले जोडआरसे लावल्याशिवाय निघूच नये. मागे घेण्याची एक युक्ती आहे : हात स्टीअरिंगच्या तळाशी धरा आणि कॅरॅव्हॅन ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला हात न्या. रिकाम्या मैदानात अर्धा दिवस सराव केला की जमतं. गिरगावात, मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असताना, पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही.

निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून जोड, साखळी, दिव्यांची वायर आणि टायर पाहायचे. पुढे प्रत्येक थांब्यावर कॅरॅव्हॅनच्या चाकाच्या मध्याजवळ हाताची पाठ न्यायची. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं, तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकला आहे. पनवेलला हे कळणं आणि पोलादपूरला कळणं यात फरक आहे.

कोकणात जागेचा प्रश्न खरा असेल, तर पहिल्या वर्षी चालकासह इंजिनवाली कॅरॅव्हॅन भाड्यानं घ्या, असं आम्ही सुचवू. दोन-तीन कुटुंबांत खर्च वाटून घेतला तर तो झेपतो आणि घाट उतरवणारा माणूस घाट ओळखत असतो.

सहकाऱ्यानं त्या रात्री गाडीची पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समधून काढली आणि पान न पान पाहिलं. ओढण्याच्या मर्यादेचा आकडा नव्हता. फॅब्रिकेटरला त्यानं वजनाची पावती मागितली, तेव्हापासून तिकडून फोन नाही. आता तो कोकण रेल्वेच्या आरक्षणाची तारीख मोजतोय. ६० दिवस आधी खिडकी उघडते आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं, हे त्याला माहीत आहे. गावच्या घरात झोपायला या वेळी तो ताडपत्री नेणार आहे. अंगणात मांडव असतोच.